एका जीपचे दोन शिष्य

पाथर्डीला रेल्वे नाही. नगरहून पूर्वेला निघालं की करंजीचा घाट, पुढे तिसगाव आणि मग पाथर्डी. पन्नासेक किलोमीटरचा हा रस्ता एसटीने, जीपने, ट्रकने नाहीतर दुचाकीने कापायचा. दुसरी सोय नाही. तालुका अवर्षणाचा. पाऊस दगा देतो म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरात्रात मोहटादेवीला आणि होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला, कानिफनाथांच्या यात्रेला, माणसांचा लोंढा येतो. बाजाराला निघालेला शेतकरी, टोळी भरणारा मुकादम, दवाखान्यात न्यायची अडलेली बाई, सगळ्यांची भिस्त चार चाकांवर. अशा ठिकाणी गाडी चांगली की वाईट हा हौसेचा विषय राहत नाही. घाटाच्या चढाला इंजिन गरम होऊन गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, आणि कधी त्याहून मोठं काही जातं.

जपानी मोटारींनी अमेरिकन मोटारींना गुणवत्तेत मागे कसं टाकलं, ही विसाव्या शतकातली फार मोठी औद्योगिक कथा. ती बहुधा डेट्रॉईट आणि टोयोटा यांच्याभोवतीच फिरते. मला ती नगर–पाथर्डी रस्त्याच्या बाजूने सांगावीशी वाटते. कारण या रस्त्यावर गेली पंचाहत्तर वर्षं धावलेल्या गाड्यांची वंशावळ काढत मागे गेलं, की त्यांतल्या बऱ्याच जणी एकाच अमेरिकन वाहनापाशी येऊन मिळतात. मुंबईने ते वाहन पाहून शिकायला सुरुवात केली, जपानने त्याच काळात तेच वाहन पाहून शिकायला सुरुवात केली. दोघं पुढे कुठल्या कुठे गेले, आणि का, हे समजून घेण्यासारखं आहे.

ते वाहन म्हणजे जीप. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना पत्र पाठवून एक हलकी, चारही चाकांना ताकद पोचवणारी टेहळणी गाडी मागितली. आराखडा आधी बँटम या छोट्या कंपनीने दिला. पण तिची उत्पादनाची ऐपत कमी, म्हणून सैन्याने तो विलीज आणि फोर्डकडेही सोपवला. विलीजकडे बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरने घडवलेलं दणकट इंजिन होतं, त्याने बाजी मारली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बाहेर पडल्या होत्या. त्याच काळात हिंदुस्थान सरकारच्या पुरवठा शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून कैलासचंद्र महिंद्र वॉशिंग्टनला होते. तिथे त्यांची रूसशी गाठ पडली आणि ही गाडी हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांसाठीच जणू जन्माला आली आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९४५ मध्ये त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्र अँड मोहम्मद’ सुरू झाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. १९४७ मध्ये विलीज जीपचे ७५ सुटे संच मुंबईत आले आणि पुढे माझगावला जीप जोडणं सुरू झालं. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं.

मुंबईत अमेरिकन मोटारी नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला शेवरोले जोडायचा कारखाना काढला होता आणि फोर्डही इथे होती. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना मात्र जोडणीवर समाधान नव्हतं. गाडी पूर्ण इथेच बनली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी अमेरिका गाठली, क्रायस्लरशी बोलणी केली, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं बाहेर काढली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली बस पुण्याहून नगरला निघाली. त्या बेडफर्ड गाड्यासुद्धा जनरल मोटर्सच्याच, ब्रिटिश शाखेच्या. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नगरच्या रस्त्यावर मोटार या वस्तूचा कर्ता-धर्ता अमेरिका होता. जपानचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

कारण जपानची मोटार कंपनी त्या वेळी मरणपंथाला लागली होती. १९५० च्या पूर्वार्धात टोयोटाकडे पगाराला पैसे उरले नव्हते. संप झाला, दोन हजारांच्या आसपास कामगारांना जावं लागलं आणि त्याची जबाबदारी घेऊन संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. तो महिना जूनचा. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्याने जपानी कंपन्यांकडून ट्रक घ्यायला सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात टोयोटाचेच एजी टोयोडा अमेरिकेला गेले आणि फोर्डचा रूज नदीकाठचा अवाढव्य कारखाना त्यांनी डोळ्यांखालून घातला. इतकं प्रचंड उत्पादन जपानला झेपणार नाही हे त्यांना कळलं. पण कामगाराने सुधारणा सुचवायची आणि व्यवस्थापनाने ती ऐकायची, ही फोर्डमधली पद्धत त्यांनी उचलली आणि १९५१ मध्ये आपल्याकडे लागू केली. आणि त्याच उन्हाळ्यात एडवर्ड्‌स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानी वैज्ञानिक आणि अभियंत्यांच्या संघटनेच्या बोलावण्यावरून व्याख्यानं द्यायला टोकियोत आले होते.

डेमिंग यांचं म्हणणं ऐकायला सोपं, करायला अवघड होतं. हजार पिस्टन बनवायचे आणि शेवटी त्यांतले वाईट वेचून फेकायचे, याला ते गुणवत्ता मानत नसत. पिस्टन वाईट का निघतो हे यंत्रापाशी उभं राहून शोधा, मोजमापं रोज कागदावर मांडा, कुठे फरक पडायला लागला ते वेळीच ओळखा आणि कारणच काढून टाका. व्याख्यानांच्या पुस्तिकेचं मानधन त्यांनी घेतलं नाही. त्या पैशातून १९५१ मध्ये जपानने त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू केलं. हे पारितोषिक लक्षात ठेवावं. अर्ध्या शतकाने ते कांदिवलीला येणार आहे.

१९५१ मध्येच जपानी पोलीस राखीव दलाला जीपसारखी गाडी हवी होती. टोयोटाने बीजे नावाची गाडी केली; जुलै १९५१ मध्ये ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. निसानने पॅट्रोल नावाची गाडी पुढे केली. कंत्राट मात्र मित्सुबिशीला मिळालं, कारण तिने सरळ विलीजचा परवाना घेतला. १९५३ पासून मित्सुबिशी विलीजची उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ बनवू लागली. त्याच ‘सीजे-३बी’चा परवाना महिंद्रकडे होता. एकाच गुरूकडून, एकाच दशकात, एकाच गाडीचे नकाशे मुंबईलाही मिळाले आणि जपानलाही. कंत्राट हुकलेल्या टोयोटाने आपली बीजे गुंडाळून ठेवली नाही. १९५४ मध्ये तिचं नाव लँड क्रूझर झालं.

इथून वाटा फुटल्या. मुंबईच्या कारागिराचा हात जपानी कारागिराच्या हातापेक्षा उणा होता, असं मला कुठेही दिसत नाही. फरक पडला तो ग्राहकामुळे. जपानमध्ये टोयोटा, निसान, मित्सुबिशी, माझदा, होंडा, सुझुकी असे डझनभर कारखाने एकमेकांच्या उरावर बसलेले होते. एकाची गाडी बंद पडली तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाई. आपल्याकडे १९५१ च्या औद्योगिक कायद्याने परवाना आल्याशिवाय उत्पादन वाढवता येईना. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने शिफारस केली की जे सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवतील त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. धोरणाचा हेतू चांगला होता, आणि पुण्या-मुंबईत सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने त्यातूनच उभे राहिले, हे कबूल केलंच पाहिजे. पण परदेशी स्पर्धक गेल्यावर देशी स्पर्धकही वाढू दिला नाही, ही मोठी चूक झाली. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावणारा ग्राहक तक्रार कुणाकडे आणि कशाच्या बळावर करणार?

तरीही जीपने ग्रामीण महाराष्ट्राची जी सेवा केली तिला तोड नाही. प्रांताची जीप, फौजदाराची जीप, प्रचाराची जीप, दुष्काळी कामावरच्या ओव्हरसियरची जीप. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागल्यावर तिच्यात डिझेल इंजिन आलं, पुढे इगतपुरीच्या कारखान्यात फ्रेंच प्यूजोच्या परवान्याचं इंजिन बनू लागलं. मग लांब अंगाच्या कमांडर आणि मार्शल आल्या आणि त्यांना काळा-पिवळा रंग चढला. नगर, शेवगाव, पाथर्डीच्या स्टँडबाहेर ‘काळी-पिवळी’ उभी राहू लागली. दहा माणसांच्या गाडीत पंधरा बसत, मागच्या फळीवर दोघं लोंबकळत आणि टपावर शेळ्या, कांद्याच्या गोण्या, पाट्या.

या गाडीची ताकद कशात होती ते पाथर्डीच्या मिस्त्रीला विचारावं. लोखंडी चौकट, खाली पाटे, वर सपाट पत्रा; कुठलाही भाग पाना-हातोडीने खोलता येणारा. पाटा तुटला तर लोहाराकडे ठोकून मिळे. सेल्फ गेला तर धक्का मारायचा. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग कालच्या गाडीला बसे. नगरच्या भंगार बाजारात सगळं मिळे. गाडी वारंवार बिघडायची, आणि ती दुरुस्त करता करता खेड्यापाड्यांत मिस्त्रींची एक अख्खी पिढी तयार झाली. पण या बिघाडांचं बिल कोण भरत होतं? ऑइलची गळती, उकळणारं रेडिएटर, दर काही महिन्यांनी पंप-नोझल, दोन-तीन वर्षांत इंजिनचं काम. ही दुखणी एका कंपनीची नव्हती, त्या काळच्या सगळ्याच देशी गाड्यांची होती. कारखान्याच्या दारात जी तपासणी व्हायला हवी होती ती करंजीच्या घाटात होत होती आणि तिचा खर्च चालकाच्या खिशातून जात होता. ‘दणकट गाडी’ हे कौतुक करताना हा हिशेब आपण कधी मांडला नाही.

याच जिल्ह्यात दुसऱ्या शिष्याची गाडीही फिरत होती, फक्त लष्कराच्या कुंपणात. नगर हे रणगाडा दलाचं केंद्र, आणि लष्करी वाहनांचं संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच. आपल्या सैन्याने साठच्या दशकात निसानशी करार करून तिची पॅट्रोल ही गाडी जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनवायला घेतली. जबलपूरच्या नावावरूनच तिचं नाव पडलं जोंगा. चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. तेल पिणारी, पण ताकदीला मागे न हटणारी. नगरच्या जुन्या माणसांना जोंगा ओळखीची आहे. ती जीपची चुलत बहीण आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

तिकडे गुरूच्या घरी काय चाललं होतं? १९५७ मध्ये टोयोटाने कॅलिफोर्नियात दुकान थाटलं. टोयोपेट क्राउन ही तिची मोटार तिथल्या महामार्गांवर टिकेना. १९६० च्या अखेरीस ती विकणं थांबवावं लागलं. त्या पडत्या काळात टोयोटाचं अमेरिकेतलं दुकान चालू ठेवलं ते लँड क्रूझरने, म्हणजे अमेरिकन जीप पाहून केलेल्या गाडीने. टोयोटा परत गेली, क्राउनच्या खोडी एकेक करून शोधल्या आणि नवी कोरोना घेऊन आली. अपयशातून उठण्याची ही चिकाटी मला जपानी मोटारींच्या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते. १९७३ च्या तेलटंचाईने अमेरिकेतली लांबरुंद मोटार अंगावर आली, ग्राहक छोट्या जपानी गाडीकडे वळला आणि आश्चर्याने पाहू लागला की ही केवळ कमी तेल पिते असं नाही, ही बिघडतही नाही. १९८० मध्ये वाहन उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकलं. क्रायस्लरला सरकारच्या हमीवर कर्ज काढावं लागलं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने निर्यातीवर वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची मर्यादा घालून घेतली.

अमेरिकन कामगार आळशी म्हणून गाड्या वाईट, असं तेव्हा उघड बोललं जाई. ते खोटं असल्याचं १९८४ नंतर कॅलिफोर्नियातच सिद्ध झालं. जनरल मोटर्सने बंद केलेला फ्रीमाँटचा कारखाना टोयोटाने तिच्याबरोबर भागीदारीत चालवायला घेतला. कामगार बहुतेक तेच, संघटना तीच. व्यवस्था तेवढी बदलली: दोष दिसला तर कुठल्याही कामगाराने दोरी ओढून अख्खी जोडणी थांबवायची. काही महिन्यांतच तिथल्या मोटारी जपानमधल्या मोटारींच्या तोडीच्या निघू लागल्या.

आपल्याकडे जपान आला तो २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी झालेल्या कराराने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. कुर्ल्याच्या प्रीमियरला त्याची झळ लगेच बसली. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई काढली तेव्हा तिच्या इटालियन अंगात इंजिन निसानचं होतं. क्रायस्लरपासून सुरुवात करून फियाटवर स्थिरावलेल्या वालचंदांच्या कारखान्याला चाळीस वर्षांनी जपानी इंजिन घ्यावं लागलं, इतका काळ बदलला होता. पाथर्डीसारख्या ठिकाणी ८०० पेक्षा मारुतीची व्हॅन जास्त कामाची ठरली. रुग्ण आडवा झोपवून नगरला न्यायचा तर तीच.

पण जपानी आले आणि जिंकले, असं सरसकट म्हणता येत नाही. ऐंशीच्या दशकात टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चौघींनी देशी भागीदार घेऊन हलके ट्रक आणले. देखणे, वेगवान, आरामशीर. त्यांच्यासमोर १९८६ मध्ये टाटांच्या टेल्कोची ४०७ उभी राहिली. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी पुण्यात जो अभियंत्यांचा आणि साचे-हत्यारांचा कारखाना वर्षानुवर्षं उभा केला होता, त्याचं ते फळ. ४०७ दणकट होती, दुप्पट भार घालणाऱ्या मालकांची सवय ओळखून केलेली होती. त्यात १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन कडाडला आणि जपानहून येणारे सुटे भाग परवडेनात. चौघींपैकी टोयोटाचा धंदा पुढे देवूकडे गेला, निसानचा महिंद्रने १९८९ मध्ये घेतला. कांदा, कापूस आणि ऊसतोड्यांची बिऱ्हाडं वाहणारी गाडी म्हणून ४०७ आजही या भागात दिसते. गुणवत्ता म्हणजे नेमकं काय, हे जिथे गाडी चालते तिथल्या रस्त्यावर आणि तिथल्या भारावर ठरतं, हे मूळगावकरांनी जपान्यांपेक्षा अधिक ओळखलं होतं.

१९९१ नंतर दारं उघडली आणि अमेरिकन कंपन्या दुसऱ्यांदा आल्या. फोर्डने महिंद्रशी भागीदारी केली. १९९६ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून एस्कॉर्ट बाहेर पडली. पण युरोपात जुनी झालेली मोटार इथे नवी म्हणून चालेल, हा हिशेब फसला. दोन वर्षांत फोर्डने भागीदारीचा मोठा वाटा घेतला आणि पुढे आपला कारभार चेन्नईकडे नेला. महिंद्रच्या हाती मात्र एक गोष्ट राहिली: नवी गाडी कशी आखतात, सुटे भाग देणाऱ्यांना कसं बांधून घेतात, याचं शिक्षण. जनरल मोटर्समध्ये चौदा वर्षं डेट्रॉईटला संशोधन केलेले पवन गोएंका १९९३ मध्ये महिंद्रकडे आले होते. त्यांच्या चमूने नाशिकला स्कॉर्पिओ घडवली आणि जून २००२ मध्ये ती बाजारात आणली. मुकादमापासून आमदारापर्यंत या भागात स्कॉर्पिओला जो मान मिळाला तो सांगायला नको.

खरी लढत मात्र भाड्याच्या गाड्यांत झाली. शिर्डी आणि शनिशिंगणापूर याच जिल्ह्यातले, वर्षभर प्रवासी. १९९४ पासून पुण्याची टाटा सुमो हा धंदा धरून होती. २००० च्या जानेवारीत टोयोटाने क्वालिस आणली. टोयोटाचे इथले भागीदार किर्लोस्कर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर विकण्यासाठी शेतकऱ्याची मनधरणी करणाऱ्या लक्ष्मणरावांचं घराणं. कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. क्वालिस दिसायला खोक्यासारखी, इंडोनेशियात चालणाऱ्या किजांगचं रूप. शहरी जाणकारांनी नाकं मुरडली. चालकांनी मात्र पहिल्या वर्षातच ओळखलं की ही वेगळी चीज आहे. सकाळी किल्ली फिरवली की चालू. इंजिन खोलायचं नाव नाही. ठरल्या किलोमीटरला ऑइल बदला, बस. गॅरेजला उभी राहणारी गाडी मालकाला दुहेरी खाते, दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेलं भाडं. क्वालिसने ते दोन्ही वाचवलं. म्हणून किंमत जास्त असूनही ती परवडली, आणि जुनी विकतानाही तिला भाव राहिला. डेमिंग यांनी पन्नास वर्षांपूर्वी टोकियोत फळ्यावर जे मांडलं ते नगरच्या टॅक्सीवाल्याला हिशेबाच्या वहीत दिसलं. २००५ मध्ये क्वालिस बंद करून इनोव्हा आली आणि तीच कीर्ती तिने पुढे चालवली.

२००४ मध्ये जनरल मोटर्सने क्वालिससमोर शेवरोले टवेरा उतरवली होती. नाव अमेरिकन, गाडी जपानी इसुझुची पँथर, इंजिनही इसुझुचं. टवेराही या रस्त्यांवर भरपूर चालली, कारण ती स्वस्त होती आणि तिचं इंजिन चिवट होतं. मग जुलै २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. धुराच्या तपासणीत गैरप्रकार झाल्याचं कंपनीनेच मान्य केलं आणि वरिष्ठांसह अनेकांना काढलं. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत निवडक इंजिनं बसवली जात होती. डेमिंग ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले ते नेमकं हेच: चांगला नमुना दाखवायचा आणि वाईट माल खपवायचा. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला मोठा कारखाना काढला होता. २०१७ मध्ये तिने भारतात विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही. शिवडी सोडल्यावर चांगली सहा दशकं उलटून गेल्यावर महाराष्ट्रातून तिचं हे दुसरं जाणं. २०२३ मध्ये तो कारखाना घ्यायचा करार कोरियाच्या ह्युंदाईने केला.

आणि जपानचं तरी सगळं चोख राहिलं का? नाही. २०१० मध्ये टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांना गाड्यांतल्या दोषांवरून अमेरिकी संसदेपुढे माफी मागावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटाच्या डिझेल इंजिनांच्या शक्तिचाचणीत गैरप्रकार निघाले आणि इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांची भारतातली रवानगी काही दिवस थांबली. गुणवत्ता रक्तात नसते. जपानीही जिथे सैल पडले तिथे पडले.

याच्या उलट कांदिवलीचं उदाहरण मला फार अभिमानाचं वाटतं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रने तिथे ट्रॅक्टर सुरू केले होते. लाल रंगाचा तो ‘इंटरनॅशनल’ जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात या विभागाने जपानी जाणकारांना बोलावून मुळापासून काम बदललं: प्रत्येक यंत्रापाशी मोजमाप, कामगारांचे गट, सुटे भाग देणाऱ्या लहान कारखान्यांपर्यंत तीच शिस्त. २००३ मध्ये या विभागाला डेमिंग पारितोषिक मिळालं. जगातल्या कुठल्याही ट्रॅक्टर कंपनीला ते त्याआधी मिळालं नव्हतं. २००७ मध्ये जपान गुणवत्ता पदकही मिळालं. अमेरिकन माणसाने जपानला शिकवलेलं जपानकडून मुंबईला आलं. दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर रात्रीच्या रस्त्यावर दगा देत नाही, यात त्या शिस्तीचा वाटा आहे.

विलीजचा परवाना घेतलेल्या घराण्याने २०१८ मध्ये तीच जीप नव्या अंगाने, रॉक्सर या नावाने, थेट मिशिगनमध्ये जोडून विकायला काढली. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, फियाट क्रायस्लरने, दावा ठोकला. २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला, महिंद्रने रूप बदललं आणि बदललेल्या गाडीला मोकळीक मिळाली. त्याच फियाट क्रायस्लरने २०१७ पासून पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगावात जीप कंपास बनवायला घेतली होती. तिथली कंपास जहाजाने जपानला जाऊन विकली गेली. पाथर्डीहून पुण्याला जाणारी एसटी त्या कारखान्यावरून जाते.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन इथे कारखाना काढण्याचा सामंजस्य करार केला. गुंतवणूक २० हजार कोटींची, गाड्या विजेच्या आणि हायब्रीड. बिडकीन पाथर्डीहून शेवगाव–पैठणमार्गे शंभर किलोमीटरच्या आत आहे. या गाड्या क्वचित बिघडतील, हे खरं असेल. पण जेव्हा बिघडतील तेव्हा पाना-हातोडी घेऊन तयार झालेल्या मिस्त्रीच्या हाती त्या यायच्या नाहीत. संगणक जोडल्याशिवाय त्यांचं दुखणं कळत नाही आणि तो संगणक कंपनीच्या वर्कशॉपबाहेर सहजी मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या आयटीआयमध्ये या गाड्यांचं काम शिकवायला आत्ताच सुरुवात झाली पाहिजे, कारखान्याचं उत्पादन सुरू होण्याच्या आधी, आणि सरकारने जमीन देताना कंपनीकडून ते लिहून घेतलं पाहिजे.